माळ्यावरचा ऐरावत

११ ऑक्टोबर, रविवार

ही वही जानेवारीत घेतली. रोज लिहायचं असं ठरवलं होतं. पहिल्या पानावर नाव टाकलं, दुसऱ्या पानावर पेन चालतं का ते बघितलं, आणि त्यानंतर थेट आज. मधल्या काळात लिहिण्यासारखं घडलं नाही असं नाही. उलट इतकं घडत होतं की लिहायला बसणार कोण? शिवाय वही बॅगेच्या तळाशी होती आणि बॅग पूर्ण रिकामी करण्याइतका मी कुठे थांबलोच नाही.

आज रिकामी केली. ताई म्हणाली, चार दिवस राहतो म्हणून आलास, आता दुसरा महिना संपत आला, निदान कपडे तरी कपाटात ठेव. ताईचं बोलणं असं असतं. मनात माया, वर काटे.

माझ्याबद्दल थोडक्यात: कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. (कॉलेजने मला सोडलं ही अफवा आहे.) मग फोटो स्टुडिओ, मग जहाजावरचं स्वयंपाकघर, मग मोबाइलची कव्हरं विकणं, मग एका हॉटेलचा काउंटर. सगळीकडे थोडं थोडं शिकलो. एका जागी मुळं धरणारा माणूस मी नाही.

कपाटात जागा नव्हती म्हणून माळा आवरायला घेतला आणि तिथे भावोजींचा जुना कॉम्प्युटर सापडला. पिवळट पडलेला, जड, वर धुळीची गादी. भावोजी म्हणाले, भंगारात टाकायचाय तो. मी त्याच्याकडे बघत राहिलो आणि डोक्यात एकदम लख्ख झालं.

ह्याचा गेटवे करायचा! म्हणजे असं, की बाहेरून येणारं नेट आधी ह्या कॉम्प्युटरात शिरणार. तो ते तपासणार आणि मग घरात सोडणार. घरातल्या प्रत्येक फोनला, टीव्हीला त्याचा नंबर, म्हणजे पत्ता, हाच वाटणार. शिवाय सर्व्हर. सगळ्यांचे फोटो, सिनेमे, कागदपत्रं एका जागी. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझी लाइन सापडली असं वाटतंय.

१२ ऑक्टोबर, सोमवार

ताईला प्लॅन सांगितला. तिने एकच विचारलं, नेट बंद पडणार नाही ना?

तिची काळजी समजू शकतो. ती एका विमा कंपनीसाठी घरून फोन घेते. गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या, गोड बोलायचं, कॉम्प्युटरवर नोंद करायची. तीन महिने ट्रायलवर आहे. येत्या २३ तारखेला, शुक्रवारी, चार वाजता हेड ऑफिसचे लोक तिला व्हिडिओवर बघणार आणि कायम करायचं की नाही ते ठरवणार. नाही केलं तर पुन्हा पॅकिंगच्या गोदामात रात्रपाळी. गोदामाचं नाव निघालं की ती नकळत पाठ दाबते.

मी म्हटलं, ताई, आत्ता तुझं नेट चालतंय. ऐरावत बसला की धावेल. (कॉम्प्युटरचं नाव ऐरावत ठेवलंय. नाव ठरवण्यात सकाळ गेली, पण पाया भक्कम हवा.)

रिपेअरवाल्याकडे गेलो. नेटची वायर लावायला ऐरावताला एकच सॉकेट आहे, गेटवेला दोन लागतात. एक बाहेरच्या वायरला, एक घरातल्या. त्याने एक जुनं कार्ड काढून दिलं आणि विचारलं, आत्ताचा वायफायचा डबा बिघडलाय का? मी म्हटलं नाही. मग कशाला हात लावतोस, म्हणाला. ह्या लोकांना व्हिजन नसते.

१४ ऑक्टोबर, बुधवार

काल काम करणार होतो, पण कीबोर्ड फार मळका होता. सगळी बटणं काढून साबणाच्या पाण्यात टाकली. वाळेपर्यंत दुसरं काही करता येईना. मग बसवली. आज भाची म्हणाली, मामा, एम आणि एन उलटे बसवलेत. मी म्हटलं, हो, मुद्दाम, सिक्युरिटीसाठी. ती दुसरीत आहे. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी विषय बदलला.

फुकटची नवी सिस्टीम टाकली. नेटवर एक टोपीवाला माणूस सगळं शिकवतो. भाषा कळत नाही, पण हाताकडे बघून कळतं. अर्धा व्हिडिओ बघितल्यावर बाजूला दुसरा दिसला, एका माणसाने जुन्या वॉशिंग मशीनची नाव बनवली होती. तो पूर्ण बघितला. ते तंत्रही लक्षात ठेवायला हवं.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

चाललं!!

जिन्यातल्या पेटीतून आपल्या घरात येणारी वायर ऐरावताच्या एका सॉकेटात. दुसऱ्या सॉकेटातून वायर वायफायच्या डब्याला. (सगळ्या इमारतीची नेटची पेटी जिन्यात आहे, प्रत्येक घराला तिथून एकेक वायर.) पूर्वी पत्ते वाटायचं काम वायफायचा डबा करायचा. ते त्याच्याकडून काढून घेतलं. आता तो नुसता चेला, गुरू ऐरावत.

भाचीचं कार्टून लागलं. ताईने दोन कॉल घेतले, तुटले नाहीत. ती म्हणाली, अरे वा. इतकंच. पण ताईच्या एका अरे वाची किंमत मला माहीत आहे. लहानपणी तिने माझ्या किती सायकली पडलेल्या उचलल्या, तेव्हा एकदाही म्हणाली नव्हती.

भावोजी दुकानातून आले (ते चष्म्याच्या दुकानात असतात), कान देऊन उभे राहिले आणि विचारलं, घरात विमान उतरतंय का? पंख्याचा थोडा आवाज आहे. शक्तीला आवाज असतोच.

ऐरावताच्या मागची दोन सॉकेटं जुळ्या बहिणींसारखी आहेत. त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवायच्या राहिल्यात. पण माझ्या लक्षात आहे.

१७ ऑक्टोबर, शनिवार

सगळं सुरळीत चालू होतं म्हणून आज मन जरा सौंदर्याकडे वळलं. हा ऐरावत आणि रंग असा जुन्या दातांसारखा? सगळ्या वायरी काढल्या, गॅलरीत नेला, पांढरा रंग मारला. सुळेही काढले, पण ते मिशांसारखे दिसतात. वाळवून परत आत आणला, वायरी लावल्या, चालू केला. पंखा फिरला. झकास.

भावोजी म्हणाले, भंगारवाला पुढच्या शनिवारी येतो, घरातलं काय काय द्यायचं ते ठरवून ठेवू. बोलताना ते माझ्याकडे का बघत होते कोण जाणे. बहुतेक माझं मत हवं असावं.

१८ ऑक्टोबर, रविवार

सकाळपासून नेट नाही.

थोडा घाबरलो होतो, खोटं कशाला लिहू. सगळ्या सेटिंग उघडून बघितल्या. जशाच्या तशा. मग वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले. रिटायर्ड आहेत, दिवसभर नेटवर क्रिकेट बघतात. म्हणाले, काय रे, तुमच्याकडे नेट आहे का? आमचं काल संध्याकाळपासून गेलंय.

मला इतकं हलकं वाटलं! म्हणजे दोष कंपनीचा. घरात येऊन जाहीर केलं. ताई म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, वरच्या काकांच्या घरात मी गेलोय का बिघडवायला?

१९ ऑक्टोबर, सोमवार

ताईने मोबाइलच्या नेटवर काम केलं. आमच्या घरात मोबाइलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते. ती ओट्याला टेकून उभ्याने कॉल घेत होती. दोन तुटले. तिच्या मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे तिची वरिष्ठ. ताईने त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण त्यांचा आवाज आला की ती पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं करते. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारी हेड ऑफिससमोर कॉल तुटला तर मी काही करू शकणार नाही. ताई नुसती हो मॅडम, हो मॅडम.

अशा वेळी घरात एक शांत माणूस लागतो. मी शांत होतो.

मात्र एक आनंदाची गोष्ट. ऐरावताच्या स्क्रीनवर आज वाचलं: जोडलेली उपकरणं, एक्केचाळीस! आपल्या घरात एवढी उपकरणं आहेत हे मला माहीतच नव्हतं. यादीत नावंही दिसतात. क्लिनिक रिसेप्शन, क्लिनिक एक्स-रे, आजोबा टीव्ही, पिंकीचा फोन. ताई आणि भावोजी आपल्या फोनांना काय काय नावं ठेवतात! लग्न झालेल्या माणसांचं आपल्याला काय कळणार. बाहेरून नेट येत नसतानाही बिचारा एक्केचाळीस जणांना पत्ते वाटतोय. डोळे भरून आले.

२० ऑक्टोबर, मंगळवार

तळमजल्यावर दातांच्या डॉक्टर आहेत. त्यांचं नेटही शनिवारपासून बंद. पेशंटचे एक्स-रे कॉम्प्युटरवर उघडत नाहीत, बाई वैतागल्या होत्या. मी आपणहून गेलो. म्हटलं, बघू. त्यांच्या रिसेप्शनचा कॉम्प्युटर तपासला, वायर काढून परत लावली, भुवया उंचावल्या, आणि सांगितलं की तुमच्याकडे काही दोष नाही, लाइनच खराब आहे. त्या म्हणाल्या, तुम्हाला ह्यातलं बरंच कळतं वाटतं? मी म्हटलं, आमच्या घरात स्वतःचा सर्व्हर आहे.

बाईंनी दात घासायच्या पेस्टची सॅम्पलं दिली. ही माझी पहिली व्यावसायिक कमाई म्हणायला हरकत नाही.

आल्या आल्या कंपनीला फोन केला. कडक बोललो. सगळ्या इमारतीच्या वतीने बोलतोय म्हटलं. पलीकडचा मुलगा म्हणाला, आमच्या बाजूने लाइन ठीक दिसतेय सर. मी म्हटलं, तुमच्या बाजूला बसून ठीकच दिसणार, इथे येऊन बघा. वरचे काका शेजारी उभे होते. म्हणाले, शाब्बास, असं ठणकावणारं कोणीतरी हवंच होतं.

२१ ऑक्टोबर, बुधवार

ताई म्हणाली, तुझा हत्ती बाजूला कर आणि पूर्वीसारखी वायर थेट वायफायच्या डब्याला लाव. मला पटत नव्हतं, पण लावली. नेट आलं नाही. साहजिक आहे, डबा आता चेला आहे, गुरूशिवाय त्याला काही सुचत नाही. आणि त्याला परत पूर्वीसारखा कसा करायचा ते नेटवर बघावं लागेल, आणि नेट नाही. तेव्हा परत ऐरावत लावला. म्हटलं, बघ ताई, तुझ्या पद्धतीनेही चालत नाही. सिद्ध झालं.

ती ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. फोनवर कुणाला तरी शांतपणे समजावत होती की तुमचा क्लेम अडकलाय, मी समजू शकते, मी आहे ना. तो माणूस ओरडत होता, मला इथपर्यंत ऐकू येत होतं. मग कॉल तुटला. तिने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं.

मी चहा ठेवला. साखर विसरलो. तिने तसाच प्यायला.

भावोजी जेवताना म्हणाले, गोदामात ती रात्रपाळीला होती तेव्हा पोरगी झोपेत आईला हाका मारायची. बस, एवढंच बोलले आणि उठून हात धुतले. मी ह्याचा अर्थ असा घेतला की कंपनीकडे आणखी जोरात पाठपुरावा करायला हवा.

२२ ऑक्टोबर, गुरुवार

जिंकलो! तीन वेळा फोन करून, वरच्या साहेबांशी बोलून, शेवटी कबूल करून घेतलं. उद्या दुपारी माणूस येणार. पूर्ण लाइन तपासल्याशिवाय जायचं नाही असं बजावलंय. दोष जिथे असेल तिथून उपटून काढा म्हटलं.

डॉक्टरबाईंनी आभार मानले. काका तर मला खांद्याला धरून दुसऱ्या शेजाऱ्याला म्हणाले, हा मुलगा बघा, घरात सगळी सिस्टीम उभी केलीय, नावसुद्धा ठेवलंय, ऐरावत. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं होतं. ते लक्षात ठेवतात.

आज एक गंमत झाली. ऐरावत फार तापला म्हणून दुपारी बंद करून गॅलरीत वाऱ्याला ठेवला. नेमकं तेव्हाच हळूहळू इमारतीत नेट आलं! वरून क्रिकेटचा आवाज यायला लागला. मला वाटलं चला, सुटलो. संध्याकाळी ऐरावत परत लावला, तर थोड्या वेळात वरचं क्रिकेट बंद. काका जिन्यात येऊन कंपनीला शिव्या देत होते. मीही दोन दिल्या. लाइन इतकी लहरी असू शकते हे टोपीवाल्यानेसुद्धा सांगितलं नव्हतं.

ताईला सांगितलं, उद्या चारच्या आत सगळं सुरळीत. तिने विचारलं, तुझ्यावर सोडू ना? मी म्हटलं, सोड. ती म्हणाली, बरं. आणि खरंच सोडलं असावं, कारण भाचीचे केस विंचरताना गुणगुणत होती.

ह्यानंतर असं काम इतरांनाही करून द्यायचं. व्हिजिटिंग कार्ड छापायला हवीत. कार्डाचं डिझाइन करण्यात रात्र गेली असती, पण लवकर झोपतो. उद्या ताईचा मोठा दिवस आहे.

२३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळ

ताईने निळा ड्रेस इस्त्री करून टांगलाय. मी टेबल भिंतीसमोर लावलं, मागे कुंडी ठेवली. व्हिडिओत मागची बाजू महत्त्वाची असते, स्टुडिओतला अनुभव कामी आला. ऐरावतही पुसून घेतला.

दुपारी अडीच

नेटवाला आलाय. किरकोळ माणूस, गळ्यात लॅपटॉपची बॅग. ताई भाचीला शाळेतून आणायला गेलीय. मी खाली जाऊन नेतृत्व करतो.

दुपारी सव्वातीन

लिहावंसं वाटत नाही. पण लिहितो.

जिन्यात सगळे जमले होते. डॉक्टरबाई, काका, दोन शेजारी. मी पुढे. नेटवाल्याने पेटी उघडली, लॅपटॉप जोडला, बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, आख्ख्या इमारतीला कुणीतरी भलतेच पत्ते वाटतंय. कंपनीच्या मशीनच्या आधी हेच मशीन सगळ्यांना उत्तर देतं. सगळ्यांचे फोन त्याच्याकडे जातात आणि पुढे रस्ता बंद. एका घरातल्या मशीनच्या वायरी उलट लागल्यात. घरातली बाहेर, बाहेरची घरात.

मी म्हटलं, असे लोक असतात.

तो म्हणाला, मशीनचं नावपण येतंय इथे. ऐरावत. कुणाचं आहे?

मी अजून नीट ऐकतच होतो. तेवढ्यात काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि कौतुकाने म्हणाले, हा काय, ह्याचा! फार हुशार मुलगा आहे.

काकांचा हात माझ्या पाठीवरच होता. तो हळूहळू निघाला. डॉक्टरबाईंनी विचारलं, म्हणजे शनिवारपासून माझे एक्स-रे तुमच्या घरी येत होते?

यादीतलं क्लिनिक एक्स-रे. पिंकीचा फोन. आजोबा टीव्ही. शनिवारी रंग मारून वायरी लावल्या त्या. जुळ्या बहिणी.

मी म्हटलं, आत्ता वर जाऊन वायरी बदलतो, दोन मिनिटांचं काम. नेटवाला म्हणाला, नको, आता तुम्ही काहीच नका करू. त्याने पेटीतून आमच्या घराची वायर उपटली, पेटीला कुलूप घातलं. म्हणाला, सोमवारी ऑफिसात येऊन लिहून द्या, मग जोडू. मी त्याला चार वाजताचं सांगितलं, ताईचं सांगितलं. तो म्हणाला, दोष जिथे असेल तिथून उपटून काढा असं तुम्हीच बजावलं होतं म्हणे. काकांकडे बघितलं, ते वर निघाले होते. दोन मिनिटांत वरून क्रिकेट सुरू झालं.

सगळ्या इमारतीत नेट आहे. आमच्याकडे सोडून.

तीन पंचवीस

ताई आली. चेहरा फुललेला होता. वरून क्रिकेटचा आवाज ऐकून म्हणाली, आलं ना नेट? मी मान हलवली. कशी हलवली ते मलाही नीट सांगता येणार नाही. ती माझ्या डोक्यावर टपली मारून कपडे बदलायला आत गेली. वाईट बातमी सांगायला योग्य क्षण बघावा लागतो. आत्ता ती आनंदात आहे, आत्ता नको. ओट्याच्या खिडकीत मोबाइल चालेल. बहुतेक. मागे कुंडीही तिथेच नेता येईल.

तीन पस्तीस

सांगतोच. ती बाहेर आली की लगेच. आधी वाक्य तयार करतोय. ताई, असं झालंय की. नाही. ताई, कंपनीने. नाही.

बेल वाजली.

तीन चाळीस

एक बाई आल्यात. करड्या केसांच्या, हातात लॅपटॉप, जिना चढून धाप लागलेली. आवाज ऐकल्यासारखा वाटला. ताईच्या मॅडम!

मी पाणी दिलं. त्या म्हणाल्या, तुमची बहीण माझ्या हाताखालची सगळ्यांत चांगली मुलगी आहे, नेटच्या कटकटीपायी जायला नको, म्हणून म्हटलं आज मीच तिच्या शेजारी बसते, इथूनच हेड ऑफिसला दोघी जोडून घेऊ, काही अडलं तर मी बोलेन. मग माझ्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, ते सर्व्हर बसवणारे भाऊ तुम्हीच ना? काल फोनवर फार कौतुक करत होती. भाऊ आहे, तो सगळं बघतोय, म्हणाली.

ताई आतून विचारतेय, कोण आलंय रे?

मी ही वही घेऊन स्वयंपाकघरात उभा आहे. इथून टेबल दिसतं. मॅडमनी कुंडी थोडी बाजूला सरकवली, लॅपटॉप उघडला, चष्मा लावला आणि आता वायफायचा पासवर्ड विचारताहेत.

पासवर्ड बावीस अक्षरी आहे. मी सावकाश सांगणार आहे.